पेरणीची तारीख कोणाच्या मालकीची?



मिरग जवळ आला की दोन गोष्टी येतात. आभाळात ढग येतात आणि वर्तमानपत्रात आवाहन येते. ढग एखाद्या वर्षी चुकतात, आवाहन काही चुकत नाही. ‘शेतकऱ्यांनी पेरणीची घाई करू नये. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये. दुबार पेरणीचे संकट टाळावे.’ मंत्री सांगतात, कलेक्टर सांगतात, कृषी अधिकारी सांगतात, आता मोबाईलवर रेकॉर्ड केलेला आवाजही सांगतो. आणि मोड करपले की हीच मंडळी पुन्हा तोंड वर करून सांगतात, ‘आम्ही आधीच सांगितले होते.’

यंदाच्या जिल्हा बैठकीत या आवाहनावर बोलायचे ठरले आहे. म्हणून काही गोष्टी आधीच लिहून ठेवतो, म्हणजे बैठकीत वेळ जायला नको.

पहिली गोष्ट, सल्ला चुकीचा आहे असे माझे म्हणणे नाही. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या जमिनीवर २५-३० मिलिमीटरचा एक पाऊस पडला तर वरचा वीतभर थर ओला होतो. खाली सगळे कोरडे. सरकी उगवते, हिरवे तास दिसतात, घरात आनंद होतो. मूळ मात्र खाली जाऊन कोरड्या थराला टेकते आणि वरून ऊन लागते. आठ-दहा दिवसांत खेळ खलास. शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला म्हणजे वरची ओल आणि खालची ओल एक होते, मग पंधरा दिवसांचा खंड पडला तरी रोप तग धरते. आपल्या आज्याला मिलिमीटर ठाऊक नव्हते. तो धुऱ्यावर कुदळ मारायचा, हात खाली घालायचा आणि ओल कोपरापर्यंत गेली का ते बघायचा. गोष्ट तीच.

मग भांडण कशाचे? भांडण याचे की सल्ला अर्धा आहे. थांबा म्हणून सांगतो. थांबल्याने काय मोजावे लागते ते सांगत नाही. आणि ते कोणी मोजायचे याबद्दल तर चकार शब्द नाही.

थांबण्याचाही भाव असतो

२०२५ सालचे आठवा. पाऊस २४ मेला केरळात आला, म्हणजे नेहमीपेक्षा आठ दिवस आधी. २६ मेला मुंबईत. मुंबईची ठरलेली तारीख ११ जून. म्हणजे सोळा दिवस आधी. टीव्हीवर नुसता जल्लोष. मे महिन्यातच शेतात पाणी साचले, वखरणी राहून गेली, तण माजले. आणि मग मे संपता संपता पाऊस जो थांबला, तो विदर्भाच्या बऱ्याच भागात जूनच्या मध्यापर्यंत हललाच नाही. ज्यांनी मेच्या ओलीवर सरकी लावली त्यांचे काय झाले ते मी कोणाला सांगायला नको.

हे काही पहिल्यांदा घडले असे नाही. २००९ सालीही पाऊस २३ मेला केरळात आला होता आणि पुढे अडकला. त्या जूनमध्ये देशभर सरासरीच्या निम्म्याहून थोडाच जास्त पाऊस झाला. म्हणजे लवकर आलेला पाऊस टिकतोच असे नाही हे हवामान खात्याला ठाऊक, कृषी खात्याला ठाऊक आणि आपल्यालाही ठाऊक. तरी आपण पेरतो. का पेरतो? आपण अडाणी आहोत म्हणून? साहेब लोकांची समजूत तशीच आहे. जरा हिशेब मांडून बघू.

२०२५ च्या हंगामात बीटी कापसाच्या बियाण्याचे पाकीट ९०१ रुपयांना होते. एकरी दोन पाकिटे धरा, १,८०२ रुपये. त्यात टोबणीच्या बायांची मजुरी, पुन्हा तास पाडणे, पहिल्या खताचा वाया गेलेला हात. दुबार पेरणीचा एकूण खर्च साडेतीन हजार रुपये धरू. हा आकडा मी उदाहरणापुरता घेतला आहे. तुम्ही आपापल्या गावचा घाला. आता मध्यम धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ७,७१० रुपये. तो मिळतो की नाही हा वेगळा विषय, त्यावर बोलायला लागलो तर हा अंक पुरायचा नाही. पण हिशेबाला धरला तर दुबारचा खर्च म्हणजे साधारण ४५ किलो कापूस. लवकरची पेरणी दर दोन वर्षांत एकदा फसते असे समजले तर वर्षाला सरासरी २३ किलोचा धोका. तीन आठवडे थांबल्याने हलक्या जमिनीवर एकरी २३ किलोपेक्षा जास्त कापूस बुडत असेल, तर लवकर पेरणारा माणूस मूर्ख नाही, चांगला व्यापारी आहे. बरड जमिनीवर शेवटचा पाऊस गेल्यावर बोंडे पोसायला ओल किती दिवस टिकते हे ज्याला माहीत आहे त्याला मी काय म्हणतो ते कळेल. तिथे शेवटची एक वेचणी हातची गेली तरी २३ किलो कधीच गेले.

पण या हिशेबाला एक खोट आहे, आणि ती लपवली तर मीही साहेबांसारखाच अर्धे सांगणारा होईन. सरासरीचा हिशेब ज्याच्या गाठीला पैसे आहेत त्याचा. ज्याने पहिली पेरणीच बायकोची पोत गहाण ठेवून केली, त्याच्यासाठी दोन वर्षांची सरासरी नसते; त्याच्यासाठी हेच एक वर्ष असते. मोड करपले तर दुसरे पाकीट उधारीवर, कृषी केंद्रवाला सांगेल त्या भावात आणि देईल त्या वाणाचे. म्हणजे घाई करावी की थांबावे हे अकलेवर ठरत नाही, ते खिशावर ठरते. आवाहन मात्र अकलेला उद्देशून असते.

खातेही शेवटी तारीखच सांगते. ‘घाई करू नका’ म्हणणारेच आपत्कालीन पीक आराखड्यात सांगतात की जुलैच्या मध्यानंतर कोरडवाहू कापूस पेरू नका, दुसरे पीक बघा. म्हणजे आधी पेरू नका, नंतरही पेरू नका. मधे उरतात महिना-पाच आठवडे. त्यातून भारी जमिनीत वाफसा नसलेले दिवस काढा. एकदा झड लागली की पूर्णेच्या खोऱ्यातल्या चिकट मातीत आठ-आठ दिवस तिफण चालत नाही. गावातला एकुलता भाड्याचा ट्रॅक्टर कोणाकडे किती दिवस ते काढा. टोबणीला बाया मिळण्याचे दिवस काढा, कारण सगळ्या गावाची पेरणी एकाच वाफशावर येते. हाती राहतात तीन-चार दिवस. त्या तीन-चार दिवसांना हे लोक घाई म्हणतात.

गोठणारे देश काय करतात

थंड देशात हंगामाला दोन कुंपणे असतात. वसंतातले शेवटचे दहिवर गोठणे आणि पुढच्या थंडीतले पहिले. मधल्या दिवसांत पीक निघाले पाहिजे. अमेरिकेत टेक्सासच्या उत्तरेकडच्या पठारावर आपल्यासारखाच कोरडवाहू कापूस मोठ्या प्रमाणात होतो. तिथे लवकर लावला तर माती गार असते, बी कुजते. उशिरा लावला तर बोंडे पिकायच्या आत हिमाने पाने जळतात. म्हणजे घाई आणि उशीर, दोन्हींचे मरण तिथेही आहे. फरक असा की तिथे पीकविम्याच्या कागदावर पेरणीची शेवटची तारीख प्रत्येक काउंटीसाठी वेगळी छापलेली असते. त्या तारखेच्या आत पावसापाण्याने पेरताच आले नाही तर त्यालाही विम्यात जागा आहे. तारीख उलटल्यावर पेरले तर ठरावीक दिवसांपर्यंत संरक्षण रोज थोडे थोडे, बहुतेक पिकांना रोज एक टक्का, कमी होत जाते. बरोबर असो चूक असो, उशिराला तिथे किंमत लावली आहे आणि ती कागदावर लिहिली आहे.

अमेरिकेचे गोडवे गाण्याचा माझा विचार नाही. तिथल्या कापसाला तिथले सरकार जी मदत करते तिनेच जगाच्या बाजारात आपला कापूस मार खातो. पण तारखेच्या बाबतीत त्यांनी एक गोष्ट मान्य केली आहे. वेळ हा शेतीतला खर्च आहे, आणि तो एकट्या शेतकऱ्याच्या अंगावर टाकून चालत नाही.

आपल्याकडे दहिवराने कापूस जळत नाही. आपले कुंपण पावसाचे आहे. पहिली पुरती ओल हे एक टोक, जमिनीतली शेवटची ओल हे दुसरे. आणि ही दोन टोके प्रत्येक तालुक्यात, प्रत्येक गावात, एकाच गावच्या दोन शिवारांत वेगळी. नाल्याकाठची चार फूट काळी जमीन आणि टेकडीच्या उताराची वीतभर मुरमाड जमीन यांना एकच तारीख कशी लागू होईल? कापसाचे एका वाणाचे पाकीट दोन्ही जमिनींना चालते असे दुकानदार सांगतो, ते वेगळे.

आता विमा बघा. २०२५ च्या खरिपापासून राज्य सरकारने एक रुपयाचा विमा बंद केला आणि नवी रचना आणली. पेरणीच न होणे, हंगामाच्या मधले संकट, स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचे नुकसान, असे जे वेगवेगळे आधार होते ते वगळले. राहिला फक्त पीक कापणी प्रयोग. एक रुपयाच्या योजनेत गैरप्रकार झाले, बोगस अर्ज भरले गेले, हे मी नाकारत नाही. पण चोर पकडायचा सोडून घराचे दारच काढून नेले. आणि पीक कापणी प्रयोग काय मोजतो? शेवटी किती पिकले ते, तेही मंडळाच्या सरासरीने. ज्याने दोनदा पेरले, दोनदा बी घेतले, दोनदा मजुरी दिली आणि शेवटी मंडळाच्या सरासरीएवढा कापूस काढला, त्याचे नुकसान त्या प्रयोगात दिसतच नाही. दुबार पेरणी हा शब्द मंत्र्यांच्या भाषणात आहे, पीक कापणीच्या तक्त्यात नाही.

बोंडअळी आणि आपली चूक

आता आपल्याच माणसांना जरा कडू लागेल असे लिहितो.

२०१७ साली गुलाबी बोंडअळीने वऱ्हाड, खानदेश, मराठवाडा सगळीकडे कापूस खाल्ला. त्यानंतर सरकारने बीटी बियाण्याच्या विक्रीवर तारखेचे बंधन घातले. काही वर्षे तर १ जूनच्या आत दुकानदाराने शेतकऱ्याला पाकीट द्यायचेच नाही असा नियम होता. आपल्यातले पुष्कळ लोक त्यावर चिडले. चोरून आणलेले पाकीट जास्त भावात घेतले आणि ठिबकवर मेमध्येच कापूस लावला.

नियमामागचे शास्त्र समजून घ्या. मागच्या हंगामातल्या अळ्या कोषात झोपून राहतात. पावसाची चाहूल लागली की त्यांचे पतंग निघतात. त्या वेळी शेतात कापसाला पात्या-फुलेच नसतील, तर पतंगाला अंडी घालायला जागा मिळत नाही आणि ती पिढी उपाशी मरते. पण विहिरीवाल्याचा मे महिन्यातला कापूस तोवर पात्यांवर आलेला असतो. अळीला पहिले जेवण तिथे मिळते आणि वाढलेली पिढी शेजारच्या कोरडवाहू कापसावर उतरते. दुसऱ्या टोकाला फरदड. डिसेंबरनंतर पाणी देऊन कापूस फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभा ठेवला की अळीला उन्हाळ्यापर्यंतचा मुक्काम फुकट. पाणी असणाऱ्याने दोन्ही टोकांना हंगाम ताणला आणि त्याची किंमत पाणी नसणाऱ्याने भरली. याला सरकार जबाबदार नाही. याला आपण जबाबदार आहोत. बागायतदार शेजाऱ्याला हे तोंडावर सांगायची आपली तयारी नसेल तर सरकारला चार गोष्टी सुनावायचा आपल्याला काय हक्क?

पण एवढे कबूल केल्यावर मी पुढचा प्रश्न विचारणार. मुळात आपल्याला मेमध्ये कापूस लावावासा का वाटतो? जानेवारीपर्यंत उभे राहणारे पीक आपल्या गळ्यात बांधले कोणी?

जगात कापूस पिकवणारे बहुतेक देश सरळ वाण पेरतात. संकरित कापूस एवढ्या मोठ्या प्रमाणात लावणारे आपणच. १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रातून एच-४ हा पहिला व्यापारी संकरित कापूस आला. २००२ साली बीटी आले, तेही आपल्याकडे संकरित वाणांतच भरून आले. संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. कंपनीला ते सोयीचे, यात आश्चर्य काही नाही. धंदा धंद्यासारखाच चालणार. पण हे वाण एकरी थोडी झाडे, मोठे झाड, लांब हंगाम अशा घडणीचे. बागायतीत ठीक. कोरडवाहूत मात्र पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरात संपतो आणि बोंडे भरायची असतात ऑक्टोबर-नोव्हेंबरात. ओल संपल्यावर पीक तहानलेले. मग ते टोक पुढे ढकलता येत नाही म्हणून शेतकरी अलीकडचे टोक मागे ओढतो. मिरगाच्या आधी धूळपेरणी, मे महिन्यात टोबणी, पहिल्या सरीवर जुगार, सगळे त्यातून आलेले आहे.

नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था कित्येक वर्षे सांगते आहे की हलक्या-मध्यम जमिनीवर कमी दिवसांचे, आटोपशीर वाढीचे सरळ वाण दाट पेरा, म्हणजे बोंडे लवकर आणि एकदम येतील आणि ओल संपायच्या आत पीक हाताला लागेल. पावसाने आठ-पंधरा दिवस उशीर केला तरी असल्या वाणाला तो सोसतो. म्हणजे घाईवरचा खरा इलाज आवाहन नव्हे, बियाणे आहे. पण ते बियाणे जूनमध्ये तालुक्याच्या दुकानात मागून बघा. दुकानदार हसतो. सरळ वाणात त्याला कमिशन नाही, कंपनीला रस नाही आणि सरकारी महामंडळाला घाई नाही. घाई न करण्याचे आवाहन फक्त त्यांनीच मनावर घेतलेले दिसते.

ज्वारीने दिवस मोजणे सोडले

ज्वारीची गोष्ट याहून जुनी आहे आणि तरुण पोरांना ती ठाऊक नसते.

आपली जुनी खरीप ज्वारी उंच, उशिराची. तिचा गुण असा की पेरणी आठ दिवस पुढे-मागे झाली तरी ती निसवायची दिवस लहान होऊ लागल्यावरच. म्हणजे दाणा भरायचा तो पाऊस सरल्यावर. पावसाने पेरणीला उशीर केला तर झाड थोडे ठेंगणे राहायचे, पण कणीस वेळेवर. तारीख सांभाळायचे काम पीक स्वतः करायचे. उत्पादन कमी होते, कबूल. पण भाकर पांढरी होती आणि कडबा गुरांना वर्षभर पुरायचा.

१९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली. उत्पादन भरपूर, झाड ठेंगणे, पीक शंभर दिवसांच्या आसपास. पण हिला दिवसाच्या लांबीचे काही सोयरसुतक नाही. पेरल्यापासून दिवस मोजते आणि पिकते. मिरगात पेरली की सप्टेंबरच्या पावसात कणीस उघडे. दाण्यावर बुरशी, ज्वारी काळी. खायला कडसर आणि बाजारात व्यापारी हातात घेऊन नाक मुरडणार. त्या काळ्या ज्वारीने कुटुंबे जगवली हे विसरून चालणार नाही. पण पेरणीची तारीख आणि पावसाची पाठ यांचा जो मेळ शेकडो वर्षांत बसला होता तो मोडला, आणि नव्या वाणाबरोबर नवी तारीख कोणी दिली नाही. पुढे सोयाबीन आले आणि खरिपाची ज्वारी आपल्या शिवारातून जवळजवळ उठलीच. कडब्याचा भाव बघितला की तेव्हा आठवण होते.

रब्बीच्या ज्वारीवर आता तीच पाळी येते आहे. सोलापूर, बीड, नगरकडच्या आपल्या भावांना विचारा. मोहोळच्या केंद्रावर निवडलेली मालदांडी घ्या, नाहीतर राहुरीच्या विद्यापीठाची फुले वसुधा घ्या, शिफारस १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. फार आधी पेरली तर खोडमाशी पोंगे मारते. फार उशिरा पेरली तर कणीस फुलोऱ्यात असताना कडाक्याची थंडी येते, दाणे भरत नाहीत, आणि पुढे ओल संपते. आता २०२० साली हवामान खात्याने स्वतःच मान्सूनच्या तारखा बदलल्या. परतीचा पाऊस राजस्थानातून १ सप्टेंबरला निघायचा, तो आता १७ सप्टेंबरला निघतो असे ठरवले. मुंबईतून २९ सप्टेंबरला जायचा, तो ८ ऑक्टोबरला. म्हणजे सरकारनेच कागदावर मान्य केले की पाऊस उशिरा जातो. २०१९ चा ऑक्टोबर आठवा, २०२५ चा सप्टेंबर आठवा. मराठवाड्यात आणि सोलापुरात शिवारांच्या नद्या झाल्या. पेरायला वाफसा कुठला? पावसाची तारीख बदलली. ज्वारीच्या शिफारशीची तारीख तीच. कर्जाची तीच. वसुलीची तीच.

कर्जाची तारीख, मापाची तारीख

वसुलीवरून आठवले. ३१ मार्चच्या आत पीककर्ज भरले तर व्याजाची सवलत. म्हणून कापूस पडेल त्या भावात विकून, नाहीतर गावच्या सावकाराकडून आठ दिवसांचे हातउसने घेऊन कर्ज भरायचे. ३१ मार्चची तारीख एक दिवस हलत नाही. आणि नवे कर्ज? एका वर्षी मी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कागद दिले. सातबारा, आठ-अ, नाहरकत, फोटो. मग एक सही राहिली, मग साहेब प्रशिक्षणाला गेले, मग सर्व्हर बंद. पैसे खात्यात पडले २ जुलैला. तोवर माझी पेरणी उसनवारीवर झाली होती, मोड करपले होते आणि दुबारही झाली होती. बँकेचे नाव लिहीत नाही. कारण तुम्हाला प्रत्येकाला ती आपलीच बँक वाटेल. पेरणीला घाई करू नका असे सांगायला मात्र त्या कार्यालयाच्या भिंतीवर रंगीत पोस्टर होते.

हवामानाच्या माहितीचे तेच. तालुकापातळीचा सल्ला द्यायला म्हणून २०१८ पासून कृषी विज्ञान केंद्रांत जिल्हा कृषी हवामान केंद्रे उभी केली. देशात १९९. काही ठिकाणी पोरे मन लावून काम करत होती, व्हॉट्सअॅपवर आठवड्यातून दोनदा सल्ला यायचा. २०२४ च्या सुरुवातीला ती बंद करायचा आदेश निघाला. शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका म्हणता, मग माझ्या गावात किती झाला ते मी कुठे बघू? महसूल मंडळात एक स्वयंचलित यंत्र. एका मंडळात दहा-वीस गावे. यंत्राच्या गावात धो-धो, आपल्या शिवारात धूळ, किंवा उलटे. ६५ मिलिमीटरची अतिवृष्टी धरायची वेळ आली की त्या एकाच यंत्राचा आकडा देवाचा शब्द, आणि पेरणी फसली की मात्र म्हणायचे, तू तुझ्या शेतातली ओल बघायला पाहिजे होती.

हंगामाचे दुसरे टोकही यातून सुटलेले नाही. १९ ऑगस्ट २०२५ ला केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग मुदत ३१ डिसेंबरपर्यंत नेली. आपला कापूस घरात येतो तो नेमका ऑक्टोबर ते डिसेंबर. ही तारीख चुकून पडली असे ज्याला वाटते त्याने खुशाल वाटून घ्यावे. आणि सरकारी खरेदीला गेले तर आठ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव, बारा टक्क्यांच्या वर घेतच नाहीत. सप्टेंबर-ऑक्टोबर पावसात गेलेल्या वर्षी पहिल्या वेच्याचा कापूस बारा टक्क्यांवर कसा येईल? तो वाळवायला अंगण मोकळे नाही आणि थांबायला खिसा मोकळा नाही. तो जातो व्यापाऱ्याकडे.

बैठकीला येताना

मागणी काय करायची यावर मतभेद आहेत. काहींचे म्हणणे, दुबार पेरणीला सरसकट अनुदान मागावे. मला ते पटत नाही. अनुदान यायला पुढचा मिरग उजाडतो आणि मधे यादी करणारे खातात. माझ्या मते मागणी तारखांची करावी. पीककर्ज १५ मेच्या आत खात्यात. उशीर झाला तर तेवढ्या दिवसांचे व्याज बँकेने द्यावे. कमी दिवसांचे सरळ वाण मे महिन्यात तालुक्याच्या ठिकाणी दिसले पाहिजेत, नाहीतर कृषी खात्याने घाईचे आवाहन छापू नये. प्रत्येक गावात पर्जन्यमापक, आणि त्याचा रोजचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. ठरलेल्या तारखेपर्यंत गावात पुरता पाऊस झाला नाही, किंवा उगवलेले करपले, तर विम्यातून दुसऱ्या बियाण्याचे आणि टोबणीचे पैसे आठ दिवसांत. आणि आयातशुल्काला हात लावायचा असेल तर तो पेरणीच्या आधी, म्हणजे काय पेरायचे ते आम्हाला ठरवता येईल.

बैठकीला रिकाम्या हाताने येऊ नका. मागच्या पाच वर्षांचे, जेवढे आठवेल तेवढे, एका कागदावर लिहून आणा: पहिला पेरता पाऊस कोणत्या नक्षत्रात, पेरणी कोणत्या दिवशी, दुबार करावी लागली का, बियाणे कोणते, कर्ज हातात कधी आले, पहिली वेचणी कधी, शेवटचा पाऊस कधी. मिरग, आर्द्रा, पुनर्वसू असे लिहिले तरी चालेल, तारखा आपण नंतर लावू. जमीन हलकी, मध्यम की भारी ते जरूर लिहा. टोबणी बाया करतात, त्यांना दिवस पक्के आठवतात. घरात विचारूनच लिहा. विहिरीवाल्यांनी फरदड कोणत्या महिन्यापर्यंत उभी ठेवली तेही खरे लिहावे.

गावागावांचे कागद एकत्र बांधून कलेक्टर कचेरीत न्यायचे आहेत. जाण्याचा दिवस बैठकीतच ठरेल. वाफशाचे दिवस सोडून.